तुम्ही विचारलंत म्हणून: रुग्णालयाला रंग कोणता द्यावा?

रुग्णालये, फिजिओथेरपीची केंद्रे आणि बालवाड्या यांची अंतर्गत रचना मी करते हे कळले, की बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: रंग कोणता द्यावा? डॉक्टरांना रुग्णाला प्रसन्न वाटावे असे वाटत असते, संस्थाचालकांना मुलांचे लक्ष लागायला हवे असते, आणि दोघांनाही फिकट निळा किंवा पोपटी असे एका शब्दाचे उत्तर अपेक्षित असते. रंगाबद्दल मी शेवटी सांगणारच आहे. परंतु हा प्रश्न विचारणारा माणूस नेहमी उभा असतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर भिंत असते. ज्याच्यासाठी ती जागा करायची, तो मात्र बहुधा आडवा असतो, किंवा साडेतीन फूट उंचीचा असतो, किंवा रात्रभर बाकावर बसून असतो. त्याच्या डोळ्यांसमोर काय येते आणि कानांवर काय पडते हे ठरवण्यातच माझा निम्म्याहून अधिक वेळ जातो.

आडव्या माणसाला दिवसभर दिसते ते छत. फिनलंडमधील पाइमिओ येथे १९३३ मध्ये क्षयरोग्यांसाठी एक आरोग्यधाम बांधून पूर्ण झाले. क्षयावर परिणामकारक औषध तोवर आलेले नव्हते. ऊन, हवा आणि विश्रांती हाच उपचार होता आणि रुग्ण महिनोन्‌महिने अंथरुणावर असत. वास्तुकार आल्व्हार आल्टो यांनी तिथल्या खोल्यांची रचना झोपलेल्या माणसाच्या बाजूने केली. छताला डोळ्यांना न खुपणारा हिरवट रंग दिला, दिवा रुग्णाच्या नजरेच्या टप्प्यात येणार नाही असा बसवला, खोली उबदार ठेवणारी यंत्रणा छतात घालून तिची ऊब डोक्याकडे न जाता पायांकडे जाईल अशी योजना केली. प्रत्येक खोलीत दोन रुग्ण असत आणि दोघांना हात धुण्याची स्वतंत्र बेसिन होती. त्या बेसिनचा उतार असा होता, की पाणी तिरके पडावे, आवाज होऊ नये आणि शेजारच्याची झोप मोडू नये. नव्वद वर्षांपूर्वी कोणी बेसिनच्या उताराचा इतका विचार केला होता हे आठवले, की आपल्याकडील खोल्यांत छताच्या बरोबर मध्यभागी बसवलेल्या झगझगीत एलईडी पॅनलकडे पाहून मला संकोच वाटतो.

आमच्याकडची छोटी रुग्णालये म्हणजे बहुधा खाली औषधांचे आणि मोबाइलचे दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर पंधरा-वीस कॉट. शस्त्रक्रियेच्या खोलीतून स्ट्रेचरवर बाहेर आणलेल्या रुग्णाला काय दिसते, तर डोळ्यांवरून एकामागून एक सरकत जाणारे दिवे. हेच दिवे मार्गिकेच्या एका कडेला, भिंतीलगत घेतले आणि कॉटजवळचा दिवा भिंतीवर लावून त्याचे बटण रुग्णाच्या हाताशी दिले, तर खर्च जवळपास तेवढाच येतो. मात्र हे वायरिंगचे पाइप पडण्यापूर्वी ठरावे लागते, आणि सजावटकाराला तर सगळे पाइप पडून गेल्यावर बोलावण्याची आपल्याकडे रीत आहे.

खिडकीचेही तसेच आहे. रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा अभ्यास या क्षेत्रात सर्वांना तोंडपाठ असतो. पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी जोड्या लावून पाहिल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे आधी घरी गेले, म्हणजे सरासरी ८.७० ऐवजी ७.९६ दिवसांनी, आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, एकाच प्रकारच्या शस्त्रक्रियेचा आहे, आणि फरक एका दिवसाहूनही कमी आहे. तरीही तो महत्त्वाचा आहे, कारण खिडकीची गणना तोवर शोभेत होत होती. परंतु याच अभ्यासाचा दाखला देऊन भिंतीवर जंगलाचा छापील कागद चिकटवून देणारे विक्रेते मला भेटतात, तेव्हा मी त्यांना त्या खोलीतल्या कॉटवर पाच मिनिटे झोपून पाहायला सांगते. कॉट कोणत्या दिशेला असावी हे बहुतेक ठिकाणी ऑक्सिजनची पाइपलाइन टाकणारा कंत्राटदार ठरवतो, कारण ऑक्सिजन आणि सक्शनचे (नळीने स्राव ओढून घेण्याच्या सोयीचे) पॅनल ज्या भिंतीवर, तिकडे रुग्णाचे डोके. ते पॅनल खिडकीच्या भिंतीवर बसले, की खिडकी कायमची डोक्यामागे जाते आणि बाहेरचे कडुलिंबाचे झाड फक्त तपासायला आलेल्या डॉक्टरांना दिसते. खिडकीची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर असेल तर झोपलेल्याला समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. दोन फुटांवर आणून बाहेरून मजबूत जाळी लावली तर रस्ता दिसतो, माणसे दिसतात. आजारी माणसाला रस्त्यावरची माणसे पाहायला फार आवडते, असा माझा अनुभव आहे.

हवेबद्दल थोडे कठोर बोलावे लागेल. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांतील हवा मोजून २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारे उघडल्यावर तिथल्या खोल्यांतील हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती, तर यंत्रांनी वायुवीजन केलेल्या खोल्यांत ती १२ वेळा बदलेल असे धरलेले होते. आणि सर्वांत चांगली ठरली ती १९५० पूर्वीची, उंच छतांची, मोठ्या खिडक्यांची जुनी रुग्णालये. पुण्यातील ससूनच्या १८६७ सालच्या दगडी इमारतीसारख्या वास्तू ज्या काळात उभ्या राहिल्या, त्या काळाला जंतूंची नीट ओळख नव्हती, पण कोंदट हवेची भीती होती आणि ती भीती उपयोगी पडली. आज आपण क्षयाचे रुग्ण जिथे येतात त्या बाह्यरुग्ण विभागाच्या प्रतीक्षागृहाला फॉल्स सीलिंग करून उंची आठ फुटांवर आणतो, खिडक्या सील करतो, स्प्लिट एसी लावतो आणि खोकणाऱ्या तीस माणसांना तीच हवा पुन्हा पुन्हा देतो. छताला स्वस्त पीव्हीसीची पॅनल लावण्याचा आग्रहही असतो, कारण ती धुता येतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्या आगीचा सजावटीशी संबंध मी जोडत नाही. परंतु जिथल्या माणसांना स्वतः उठून पळता येत नाही, तिथे जळताना दाट, विषारी धूर सोडणारी वस्तू डोक्यावर बसवायला मी नकार देते, आणि त्यापायी एखादे काम गेले तर जाऊ देते.

आवाज ही गोष्ट छायाचित्रात दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी पैसे काढून ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक मर्यादेनुसार रुग्णकक्षात रात्री सरासरी ३० डेसिबलपेक्षा अधिक आवाज नसावा. आपल्या देशात २००० सालच्या नियमांनी रुग्णालयाभोवतालचे शंभर मीटर हे शांतता क्षेत्र ठरवले, बाहेर हॉर्नवर काट मारलेले फलक लागले, आणि आत मात्र कोणी काही मोजले नाही. आत लोखंडी स्टूल फरशीवरून ओढले जाते, ट्रॉलीची कडक चाके टाइल्सच्या प्रत्येक सांध्यावर खडखडतात, दार धाडकन आपटते, मावशी बादली ठेवतात, प्रतीक्षागृहातील टीव्हीवर चर्चेचा कार्यक्रम चालू असतो, आणि छतापर्यंत चकचकीत टाइल्स लावलेल्या असल्याने यातला प्रत्येक आवाज भिंतींवर आपटून परत येतो. मी टाइल्स पाच फुटांवर थांबवते, छताला आवाज शोषणारे पण पुसता येणारे चौकोन लावते, जमिनीला सांध्याशिवायचे विनाइल अंथरून ते भिंतीवर चार इंच वळवून घेते, म्हणजे कोपऱ्यात घाणही साचत नाही. स्टुलांच्या पायांना रबरी टोप्या लावणे हे या यादीतले सर्वांत स्वस्त काम आहे आणि सर्वांत आधी विसरले जाणारेही.

आता बाकावरच्या माणसाकडे येते. परदेशातून येणाऱ्या सुंदर नमुन्यांत हा माणूस जवळजवळ नसतोच. आपल्याकडे मात्र प्रत्येक रुग्णाबरोबर निदान एक जण असतो, आणि रुग्णालयाचे निम्मे काम तोच करतो. औषधे आणणे, रिपोर्ट आणणे, सलाईन संपत आली की सिस्टरना हाक मारणे, रुग्णाला बाथरूमला नेणे हे सारे त्याच्याकडे. ‘रात्री एकाच नातेवाइकाने थांबावे’ असा फलक लावला, की व्यवस्थापनाची जबाबदारी संपते. तो एक जण झोपणार कुठे, हे फलकावर लिहिलेले नसते. तो दोन कॉटच्या मधल्या जागेत चटई टाकतो, पिशवी कॉटखाली सारतो, थर्मास खिडकीत ठेवतो, डबा हात धुण्याच्या बेसिनमध्ये धुतो आणि ते बेसिन तुंबले, की सिस्टर त्याच्यावर चिडतात. मावशी पहाटे फरशी पुसायला येतात तेव्हा त्याला उठवावे लागते. हे सगळे बेशिस्तीचे नसून नकाशातून राहून गेलेल्या जागेचे आहे. कॉटच्या शेजारी सहा फूट लांबीचा, पोटात कुलपाचा कप्पा असलेला बाक बसवला, तर दिवसा बसायची, रात्री झोपायची आणि सामान ठेवायची सोय एकाच ठिकाणी होते. मजल्यावर एका कोपऱ्यात डबे धुण्यासाठी खोल सिंक, त्याला अन्न अडवणारी जाळी, शेजारी पाणी गरम करण्याची सोय आणि मोबाइल चार्ज करायला पुरेशी सॉकेट दिली, तर कक्षातील वर्दळ निम्मी होते. डॉक्टर मला विचारतात की एवढी जागा घालवून काय मिळणार, त्याऐवजी आणखी एक कॉट बसेल. कॉट बसेल हे खरेच आहे, आणि तिच्याबरोबर आणखी एक चटईही येईल.

साडेतीन फुटांच्या माणसाचा विचार महाराष्ट्रात तरी नवा नाही. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममधील बालगृहात मुलांच्या मापाचे फर्निचर आणले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्याच विचाराला इथल्या मातीत उतरवले, महागड्या साधनांऐवजी गारगोट्या, बिया, शिंपले वापरले आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. त्या मानाने आजची बालवाडी पाहावी, तर चारही भिंतींवर कार्टून, छताला लोंबणारे फुगे, खिडक्यांवर स्टिकर. पालकांना भुरळ पडते, कारण प्रवेश घेताना तेही उभेच असतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये बालवाडीच्या २४ मुलांना काही पाठ सजवलेल्या वर्गात आणि काही जवळपास मोकळ्या भिंतींच्या वर्गात शिकवून पाहिले. मोकळ्या वर्गातील पाठांवर मुलांची ५५ टक्के उत्तरे बरोबर आली, सजवलेल्या वर्गातील पाठांवर ४२ टक्के. म्हणून मी फळ्याची भिंत कोरी ठेवते आणि मुलांची चित्रे मागच्या भिंतीवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावायला पट्टी देते. वर्गातही आवाजाचा घुमारा, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरून जायला लागणारा वेळ, ०.६ सेकंदांपेक्षा अधिक नसावा अशी शिफारस आहे. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात शिक्षिका कशा शिकवतात हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाचे काय होत असेल ते सांगायला नको.

वेलनेस केंद्रांबद्दल माझ्याकडे फार सांगण्यासारखे नाही. बुद्धाची मूर्ती, कृत्रिम गवत आणि कारंजे हा संच आता ठरून गेला आहे. मूर्ती आणि गवत चालेल. कारंजे मात्र रुग्णालयात नको, कारण २०१० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका रुग्णालयाच्या शोभेच्या कारंज्यातून आठ जणांना लेजिओनेअर्स हा फुप्फुसाचा आजार झाला होता.

राहता राहिला रंग. रुग्णालयाचा म्हणून प्रसिद्ध असलेला हिरवा रंग मुळात रुग्णासाठी आला नाही. सॅन फ्रान्सिस्कोमधील शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये शस्त्रक्रियेच्या खोलीला तो दिला, कारण रक्ताच्या लाल रंगाकडे बराच वेळ पाहून पांढऱ्या भिंतीकडे नजर वळवली, की डोळे दिपतात आणि हिरवट छाया तरळते. तीच छाया हिरव्यात विरून जाते. तेव्हा तो शल्यचिकित्सकाच्या डोळ्यांसाठीच ठेवावा. नवजात शिशूंच्या कक्षात गडद पिवळा किंवा निळा टाळावा, कारण भिंतीवरून उसळलेल्या प्रकाशात कावीळ आणि निळसरपणा ओळखणे अवघड होते. वयस्कर रुग्णांच्या शौचालयात पांढऱ्या टाइल्सवर पांढरे कमोड आणि पांढरे हँडल लावू नये. हँडल गडद रंगाचे असले तर अधू नजरेलाही चटकन सापडते. दाराच्या चौकटी भिंतीपेक्षा स्पष्ट वेगळ्या असाव्यात. उरलेल्या भिंतींना साबणाच्या पाण्याने पुसता येईल असा कोणताही फिकट रंग चालतो, आणि तुम्हाला पोपटी आवडत असेल तर तो द्यावा, माझी हरकत नाही. फक्त त्या छटेचा क्रमांक कुठेतरी लिहून ठेवा, कारण स्ट्रेचर घासून सोलून निघालेला कोपरा रंगवायला वर्षभरात रंगारी येणारच आहे आणि तो तोच विचारणार आहे.