मामानं पाहिलेला वेस्टर्न पिक्चर

दिवाळीनंतर मंडईसाठी, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेसाठी, मामाच्या गावी गेलो होतो, पूर्व विदर्भातलं वडसा रेल्वेलाईनवरचं गाव, धानाची कापणी अजून चालूच होती आणि रात्री नाटक होतं. माझा मामा साडेतीन फुटांचा आहे. वीस वर्षं झालीत त्याला झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या धानपट्ट्यातल्या, नाटकात, आणि वीस वर्षं एकच काम, कॉमेडी. कोणीतरी त्याला काखेत उचलून नेते, पब्लिक शिट्ट्या मारते, झाला सीन. तो करते पण मनापासून. आणि एक गोष्ट पब्लिकला माहीत नसते, की हिरोचे सगळे डायलॉग त्याला पाठ असतात, प्रॉम्प्टरचा घसा बसला की विंगेत हाच उभा राहतो.

तर त्या दुपारी मी त्याला मोबाईलवर 'द टेरर ऑफ टायनी टाउन' लावून दिला. 1938 चा आहे, ब्लॅक अँड व्हाईट, तासाभराचा, आणि यात जवळपास सगळेच कलाकार बुटके आहेत. काऊबॉय, गुंड, शेरीफ, हिरोईन, सगळे. घोड्यांच्या जागी शेटलंड जातीचे लहान तट्टू, आणि बारचं ते दोन फळ्यांचं दार असते ना, ते न ढकलता खालूनच निघून जातात. सॅम न्यूफिल्डनं डायरेक्ट केला, काढला जेड ब्युएलनं, आणि टायटलमध्येच 'जेड ब्युएलचे मिजेट्स', म्हणजे बुटके, असं लिहिलंय, आज तो शब्द तिकडं शिवीसारखाच समजतात. याच ब्युएलनं आदल्या वर्षी सगळे काळे कलाकार घेऊन 'हार्लेम ऑन द प्रेअरी' काढला होता, म्हणजे आजवर ज्यांना कोणी हिरो केलं नाही त्यांना घोड्यावर बसवा, लोक नवल म्हणून तिकीट काढतील, हाच हिशोब असावा. मला हे आवडत नाही, स्पष्ट सांगतो.

पण पिक्चर सुरू होते आणि पहिल्याच सीनमधे एक उंच माणूस येऊन ओळख करून देते, मग हिरो बिली कर्टिस येते, मग व्हिलन लिटल बिली र्‍होड्स येते, आणि दोघं भांडतात की पिक्चरचा स्टार मी. मामा तोपर्यंत हसत होता, इथं गप्प झाला.

पुढची गोष्ट अशी की व्हिलन दोन घरांच्या जनावरांवर डोळा ठेवून दोघांत आग लावते, एका घरचा पोरगा आणि दुसऱ्या घरची पुतणी प्रेमात पडतात, मग हिरोवर खुनाचा आळ येते. मामा म्हणे, "हे तं आपलंच नाटक व्हय गा!" खरंच आहे, संशय, वैर, मधे गाणी, सगळं झाडीपट्टीचंच. एका सीनमधे न्हाव्याच्या दुकानात पेंग्विन फिरते, काहून ते कोणालाच ठाऊक नाही, तिथं मामा पोट धरून हसला. पण र्‍होड्स पडद्यावर आला की मागं घ्यायला लावे. "ह्याचा आवाज पाय. हा कॉमेडी नाई करून रायला." आणि बरोबर होतं ते. दिग्दर्शक दारं अन तट्टू दाखवून हसवून राहिला, पण र्‍होड्स पूर्ण पिक्चरभर खरोखरचा दुष्ट माणूस आहे, त्याला आपली उंची आठवतच नाही. म्हणून मी म्हणतो हा पिक्चर डायरेक्टरचा नाही, कलाकारांचा आहे.

पुढच्याच वर्षी, 1939 ला, यातले बरेच जण 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधे होते, त्यातल्या मंचकिन नावाच्या बुटक्या लोकांत. इथं बदकामागं धावणारा स्वयंपाकी चार्ली बेकर तिथं मेयर झाला.

मामानं विचारलं, "मंग त्या हिरो पोट्ट्याचं का झालं?" मी सांगितलं की बिली कर्टिस शेवटपर्यंत काम करत राहिला, बहुतेक छोटे रोल, आणि 1973 मधे क्लिंट ईस्टवुडच्या 'हाय प्लेन्स ड्रिफ्टर'मधे तो मॉर्डेकाय झाला, ज्याला गावाचा शेरीफ पण करतात आणि मेयर पण, आणि शेवटी हिरोवर मागून बंदूक रोखणाऱ्याला तोच गोळी घालते.

मामा बोटांवर मोजत बसला. "पस्तीस वर्सं," म्हणे.

मग उठला, रात्रीच्या नाटकाचा मेकअप करायचा होता. जाता जाता म्हणे, "तो दुसरा बी लावजो उद्या."