डाय कापण्याआधी: छोट्या प्रेस शॉपमधलं लीन

आमचं प्रेस शॉप भोसरी एमआयडीसीत. गाड्यांचे ब्रॅकेट करतो. ड्रॉइंग कस्टमरचं, डाय (पत्रा कापणारा, वाकवणारा साचा) आमची. त्यामुळे लीन प्रॉडक्ट डेव्हलपमेंट, म्हणजे फुकट जाणारं काम टाळून नवं प्रॉडक्ट घडवायची टोयोटाकडून आलेली रीत, शिकायला बसलो तेव्हा वाटलं, आपल्याकडे डेव्हलप करायला प्रॉडक्टच कुठे आहे? टोयोटाची पहिली प्रियस १९९७ मध्ये आली. तिच्यासाठी चीफ इंजिनिअर उचियामादांनी सगळ्या विभागांना एका मोठ्या खोलीत, म्हणजे ओबेयात, एकत्र आणलं होतं. आमच्याकडे डिझाइन, खरेदी, क्वालिटी मिळून चार माणसं, तीही एकाच टेबलाभोवती. खोलीचा विषय तिथेच संपला.

घेण्यासारखं वाटलं ते एवढंच, की स्टील कापण्याआधी शिकून घ्यायचं.

आमची जुनी डोकेदुखी म्हणजे स्प्रिंगबॅक. ९० अंशांत वाकवलेला पत्रा प्रेसमधून सुटला की थोडा उघडतो. किती उघडेल ते टूलरूममधल्या काकांना अंदाजाने कळायचं. पण काका सुट्टीवर असले की डाय ट्रायलला नापास. मग हार्डनिंग होऊन आलेल्या पंचावर (डायचा पत्रा दाबणारा भाग) वेल्डिंग, परत ग्राइंडिंग, आणि पीपॅपची, म्हणजे उत्पादनाआधी कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घेण्याची, तारीख उरावर. म्हणून काकांनाच बरोबर घेऊन भंगारातल्या २, ३, ४ मिमीच्या पट्ट्या काढल्या, काही साध्या एचआरच्या (हॉट रोल्ड पत्रा), काही ई३४ च्या (जास्त ताकदीचं स्टील). वेगवेगळ्या रेडियसच्या पंचांवर वाकवल्या, बेव्हल प्रोट्रॅक्टरने कोन मोजले आणि आलेख काढला. रेडियस वाढला की पत्रा जास्त उघडतो, जाडी वाढली की कमी, आणि ई३४ सगळ्यांत हट्टी. एवढं पुस्तकातही सापडतं. पण त्याच ग्रेडची दुसरी कॉइल आली की आकडा सरकतो, म्हणून आलेखावर बारीक रेघेऐवजी जाड पट्टा रंगवला. तो कागद आता टूलरूमच्या भिंतीवर आहे.

अनेक पर्याय बराच काळ समांतर चालवायचे, ही टोयोटाची रीत आम्हाला झेपणारी नाही. एकाच पार्टच्या दोन डाय करायच्या तर पैसे कोण देणार? पण पर्याय डायच्या आत ठेवता येतो. बेंडिंगला बदलता येणारे इन्सर्ट, म्हणजे सुटे तुकडे, टाकतो. फॉर्मिंग डाय आधी करतो, लेझरने कापलेल्या ब्लँकवर (वाकवण्याआधीचा सपाट तुकडा) ट्रायल घेतो आणि ब्लँकचं माप पक्कं झाल्यावरच तो कापणाऱ्या ब्लँकिंग डायला हात लावतो. लेझरच्या बिलावरून मालक कुरकुरले. ब्लँकिंग डायची दुरुस्ती थांबली तसे गप्प बसले.

अवघड राहिलं ते कस्टमरकडचं. कोटेशनच्या वेळी काही विचारलं की खरेदीवाले म्हणणार, "ड्रॉइंगप्रमाणे भाव द्या." आता प्रश्न आणि आलेख एकाच ए३ कागदावर मांडतो आणि तो डिझाइनवाल्यांपर्यंत पोचवायला सांगतो. कधी पोचतो, कधी नाही. एका ब्रॅकेटचा पोचला. त्यातल्या फ्लँजचं (वाकवलेल्या कडेचं) काम फक्त ताठपणा देण्याचं. भोकं सगळी दुसऱ्या बाजूला. कोनाचा कडक टॉलरन्स (किती फरक चालेल ती मर्यादा) जुन्या ड्रॉइंगवरून तसाच उतरला होता. तो सैल करून मिळाला आणि आमचं एक रिस्ट्राइक स्टेशन (कोन पक्का करायला पुन्हा दाबण्याचा टप्पा) वाचलं. त्यामुळे भाव कमी होतो, हे मात्र खरेदीवाल्यांना लगेच पटलं.