सेट उघडायला गेलेला माणूस

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एत्रताबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. समुद्रात शिरलेल्या पांढऱ्या कड्यांच्या कमानी आहेत, मोनेनं त्यांची चित्रं काढली, सगळं खरं. पण शनिवारी गेलं की कमानी कमी आणि पुढच्या माणसाची सॅक जास्त दिसते. गाडी लावायला पाऊण तास. चहा मागितला तर कोमट पाण्याचा कप आणि बशीत एक पुडी, आपली आपण बुडवा. अर्ध्या चढावर गुडघ्यांनी जाब विचारला, मी मागे फिरलो. लेक आणि जावई वर जाऊन फोटो काढून आले. झालं एत्रता.

मला जायचं होतं ते तिथून जवळच असलेल्या ब्रुनव्हालला. ल हाव्रच्या उत्तरेला, किनाऱ्यावरची छोटीशी वस्ती. जावयांनी फोनवर शोधलं आणि जरा अवघडून विचारलं, "बाबा, तिथं बघायला काय आहे?"

"रडार होतं."

"होतं म्हणजे?"

"चोरीला गेलं. 1942 साली."

लेकीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिला हे नवीन नाही. लहानपणी तिला शाळेतून आणायला गेलो की वाटेत कुणाचा तरी बंद रेडिओ सायकलच्या कॅरियरला बांधून घ्यायचो.

मिरजेत छत्तीस वर्षं माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बंद सेट समोर आला, मागचं कव्हर काढलं, की मी आधी बिघाड शोधत नसे. आधी बनवणारा बघायचो. काही कंपन्या आत अशी मांडणी करतात की दुरुस्त करणाऱ्याचा हात सहज पोचावा. काही जण कंडेन्सर असा ट्रान्सफॉर्मरच्या बुडाशी दडवतात की बदलायला सगळी चॅसी सोडवावी लागते, आणि मग आपण त्या इंजिनियरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तळाच्या पट्टीवरचे सीरियल नंबर मी वहीत उतरवून ठेवायचो. दोन-चार वर्षांच्या नोंदी झाल्या की नुसत्या नंबरावरून सांगता यायचं, हा लॉट खराब आहे, यांनी मध्येच सोल्डर हलकं वापरलं, यांचा माल वाढलाय. बायको म्हणायची, गिऱ्हाईकांचे पत्ते लिही त्यापेक्षा. तिचं बरोबर होतं, पुष्कळ पैसे बुडाले.

तर ब्रुनव्हालची गोष्ट ही माझ्या दृष्टीनं पॅराशूटवाल्यांची नाहीच. ती सेट उघडण्याची गोष्ट आहे.

तेव्हा फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. ब्रिटिशांना एवढं कळलेलं होतं की या किनाऱ्यावर जर्मनांचं 53 सेंटिमीटर तरंगलांबीवर चालणारं काहीतरी आहे. ते कसं दिसतं, हे ठाऊक नव्हतं. डिसेंबर 1941 मध्ये टोनी हिल नावाचा ब्रिटिश वैमानिक स्पिटफायर विमान घेऊन कड्यालगत अगदी खालून उडत गेला. कॅमेरा ऐनवेळी चालला नाही. पण डोळ्यांनी पाहिलं ते त्यानं येऊन सांगितलं: विजेच्या शेगडीसारखी वाटी आहे, दहाएक फुटांची. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला आणि फोटो घेऊन आला. ते होतं व्यूर्ट्सबुर्ग रडार. शास्त्रीय गुप्तवार्ता बघणाऱ्या आर. व्ही. जोन्स यांना ते आतून बघायचं होतं, म्हणून छापा घालून त्याचे भाग उचलून आणायचं ठरलं. फोटोवरून बिघाड सांगता येत नाही, हे व्हॉट्सॅपवर मदरबोर्डाचे फोटो पाठवणाऱ्या माझ्या पुतण्यालाही अजून पटलेलं नाही.

रस्ता एका अरुंद घळीतून खाली समुद्राकडे उतरतो. दोन्ही बाजूंना खडूच्या दगडाचे उंच कडे, मध्ये हातभर किनारा. वाळू नाही, गोटे. एकेक नारळाएवढा. उतारावर स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथं आम्ही तिघं, एक कुत्रा फिरवणारी बाई, आणि वारा. चहाचं दुकान नाही. अँटिफरचं तेलबंदर जवळच आहे, त्यामुळे हा किनारा पोस्टकार्डावर येण्यासारखा नाही. मला फार आवडला.

मी गोट्यांवरून जरा चाललो आणि पाय मुरगळता मुरगळता वाचला. तेव्हा कळलं की या गोट्यांवरून रात्री, गोळ्या चालू असताना, रडारचे सुटे भाग घेऊन होडीपर्यंत जाणं म्हणजे काय.

27 फेब्रुवारी 1942 ची रात्र. चांदणं, जमिनीवर बर्फ. मेजर जॉन फ्रॉस्टच्या हाताखाली सुमारे 120 माणसं पॅराशूटनं कड्याच्या मागे उतरली. त्यांच्यात एकच माणूस हवाई दलाच्या निळ्या गणवेशात होता: फ्लाइट सार्जंट चार्ल्स कॉक्स, रडार मेकॅनिक. युद्धाआधी सिनेमाच्या थेटरात प्रोजेक्टर चालवायचा. या कामगिरीआधी तो विमानात बसला नव्हता की जहाजात. बोलावून घेऊन 'तू धोक्याच्या कामासाठी स्वतःहून नाव दिलंयस' असं सांगितलं, तेव्हा त्यानं 'मी कशालाच नाव दिलेलं नाही' असं उत्तर दिलं होतं म्हणे. गेला मात्र. पकडला गेला तर सगळ्या खाकीत हा एकटा निळा कोण, हे शत्रूच्या लगेच लक्षात येईल, म्हणून त्याला लष्कराचा गणवेश द्या अशी मागणी झाली. लष्करी खात्यानं नियमावर बोट ठेवून नकार दिला. सरकारी टेबल सगळीकडे सारखंच. आमच्या मिरजेच्या एका कचेरीनं मला टेस्टिंग बेंचला 'फर्निचर' म्हणून कर लावला होता, त्याची आठवण झाली.

आणखी एक. रडार खरं जाणणारा शास्त्रज्ञ डॉन प्रीस्ट हाही त्या रात्री होता, पण समुद्रात, बोटीवर. त्याला पुढे पाठवलं नाही, कारण त्याला फार माहीत होतं. पकडला गेला असता तर ब्रिटिशांचीच गुपितं गेली असती. म्हणजे जास्त जाणणारा मागे आणि हातानं काम करणारा पुढे. हे वाचलं तेव्हा मला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. पण विचार केला तर हिशेब बरोबर होता. सेट उघडायला मेकॅनिकच लागतो.

कॉक्स आणि लेफ्टनंट व्हर्नन यांचे सॅपर, म्हणजे लष्कराचे इंजिनियर जवान, कामाला लागले. फोटो घ्यायला फ्लॅश मारले, तर उजेडाच्या रोखानं गोळ्या यायला लागल्या, ते थांबवावं लागलं. थाळीच्या मध्यावरचा एरियल करवतीनं कापला. पट्ट्या, लेबलं उचकटून घेतली. आतला एक भाग स्क्रू ड्रायव्हरला दाद देईना. हाताशी वेळ मिनिटांचा. शेवटी पहार घातली आणि चौकटीसकट उपटून काढला.

इथं मी कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिलो. एका गणपतीत आमच्या मंडळाचा अँप्लिफायर आरतीच्या आधी बंद पडला होता. मी खाली वाकलेलो, डोक्यावर दोनशे माणसं, कुणीतरी टॉर्च नेमकी माझ्या डोळ्यांत धरलेली, आणि चार स्क्रूंपैकी एक फिरेना. घाम, हात थरथरतात, आणि मागून प्रत्येक जण सल्ला देतो. तिथं फक्त आरती लांबणार होती. इथं वर गोळ्या, खाली समुद्र, बोटं गारठलेली. आणि मेकॅनिकच्या अंगात भिनलेली सवय असते की वस्तू मोडायची नाही. ती सवय बाजूला ठेवून पहार घालायला किती जोर लागला असेल, हे त्या वेळी माझ्या खांद्यांना कळत होतं.

गंमत अशी की उपटलेल्या चौकटीत ती कळीची गोष्ट होती: एकाच एरियलवरून पाठवणं आणि घेणं दोन्ही करणारी स्विचची जोडणी. स्क्रू सुटले असते, तर कदाचित ती चौकट तिथंच राहिली असती.

"अगदी गनिमी कावा!" जावई म्हणाले. मी मान हलवली. जावई चांगले आहेत, पण आपल्याकडे रात्री चार माणसं कुठं गेली की लगेच गनिमी कावा होतो.

माल ट्रॉल्यांवर घालून घळीतून खाली आणायचा, तर किनारा अजून मोकळा नव्हता. तो ताब्यात घेणारी एक तुकडी भलतीकडे उतरली होती, ती धावत पळत पोचली. मग होड्या बोलवायच्या, तर वायरलेस लागेना. दुसऱ्याचं रडार बगलेत, आणि स्वतःचा वायरलेस बंद! मला तिथं मोठ्यानं हसू आलं, कुत्र्यावाल्या बाईनं वळून पाहिलं. शेवटी दिव्याचे बाण आकाशात सोडले आणि होड्या आल्या. दोन जण मेले, सहा मागे राहिले.

इंग्लंडमध्ये भाग मांडले तेव्हा जे दिसलं, ते मला कुठल्याही लढाईपेक्षा गोड वाटतं. सेट वेगवेगळ्या खणांचा होता. एक खण बिघडला की तो काढून दुसरा बसवायचा, एवढंच काम. पकडून आणलेला ऑपरेटर जोन्स यांच्याबरोबर जमिनीवर बसून तुकडे जुळवत होता, तर त्याला स्वतःलाच फारसं तंत्र माहीत नव्हतं. म्हणजे बनवणाऱ्यानं ऑपरेटर कच्चा धरूनच मशीन पक्कं बनवलेलं. नंबरांच्या पट्ट्यांवरून उत्पादनाचा अंदाज बांधला. (बायकोला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, त्यांना पगार होता.) आणि कळलं की तरंगलांबी ठरावीक टप्प्याबाहेर बदलायची सोय सेटमध्ये नाही, कुणी त्याच्या लहरींत गोंधळ घातला तर निसटायला वाट नाही. जुलै 1943 मध्ये हँबुर्गवर ब्रिटिश विमानांनी काळ्या कागदाला अॅल्युमिनियम चिकटवलेल्या पट्ट्या ढिगांनी सोडल्या. पट्टीची लांबी सुमारे 27 सेंटिमीटर, म्हणजे 53 ची निम्मी. रडारचा पडदा त्यांच्याच खोट्या खुणांनी भरून गेला. त्या पट्ट्यांच्या आडून शहरावर जे टाकलं गेलं, त्यात हजारो माणसं होरपळली. मी फक्त पट्टीची लांबी मोजत बसतो, अशी लेकीची तक्रार आहे, आणि ती चूक नाही.

छाप्याआधी दोन फ्रेंच माणसं हा किनारा बघून गेली होती, रॉजे द्युमाँ आणि ल हाव्रचा गॅरेजवाला शोव्हो. इथं सुरुंग आहेत अशी पाटी होती. त्यांनी पहारेकऱ्याशी गप्पा मारल्या, आणि तोच त्यांना खाली किनाऱ्यावर घेऊन आला. पाटी खोटी होती. द्युमाँला जर्मनांनी 1943 मध्ये गोळ्या घातल्या. ज्या गोट्यांवर तो त्या पहारेकऱ्याबरोबर ऐटीत फिरला असेल, तिथं मी काठी शोधत लंगडत होतो.

जावई गाडी आणायला वर गेले आणि आम्ही खालीच राहिलो. अंधारून आलं. फोन लावला, रेंज नाही. लेक चिडली, मी मोबाइलची टॉर्च वर करून हलवली. दहा मिनिटांनी दिवे दिसले. "बाबा, मी तुम्हाला वर शोधत होतो," जावई म्हणाले. आमच्याही वायरलेसचं तेच झालं, एवढं मी म्हणालो, आणि परतीच्या सबंध रस्त्यात कुणी फार बोललं नाही.

गुडघा दोन दिवस सुजला होता. नंतर लुव्र, आयफेल, व्हर्साय सगळं झालं. गर्दी होती.