अटक नाही, नोटीस: बाबांच्या केसमधला अनुभव
पार्किंगवरून झालेल्या भांडणात शेजाऱ्याने बाबांना ढकललं आणि ते डाव्या हातावर पडले. त्याच रात्री पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली. साधी दुखापत अदखलपात्र असते, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेत मनगटाचं हाड मोडलेलं दिसलं. हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर दुखापत. डॉक्टरांचं प्रमाणपत्र नेल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११७(२) खाली गुन्हा दाखल झाला.

आता त्याला उचलतील, असं घरात सगळे धरून चालले होते. चौथ्या दिवशी कळलं, त्याला नुसती चौकशीला हजर राहण्याची नोटीस दिलीय. मी तडक ठाणं गाठलं. माझा आवाज चढला होता.

तपास करणाऱ्या उपनिरीक्षक मॅडम म्हणाल्या, "दादा, आधी बसा." मग फाईल माझ्याकडे वळवून एकेका ओळीवर पेन ठेवत गेल्या. पळून जाईल का? पुरावा नष्ट करेल का? साक्षीदारांना धमकावेल का? "सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का केली, हे लिहावं लागतं. नाही केली तर का नाही, तेही. त्याचं घर इथंच, नोकरी इथंच, बोलावलं तेव्हा आला. आणि गुन्हा जामीनपात्र आहे, अटक केली असती तरी जामिनावर सुटलाच असता."

घरी येऊन शोधलं. अटक आणि तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५ अगदी हेच सांगतं, आणि २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सरसकट अटकेवर कडक शब्दांत बोट ठेवलंय. पटलं, पण राग गेला नाही. फिर्यादीला हे पहिल्याच दिवशी कुणीतरी समजावून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आठवड्याने शेजाऱ्याने आमच्या वॉचमनकाकांना जिन्यात गाठलं. "जबाब दिलास तर बघ." मला फाईलमधली तिसरी ओळ आठवली. तारीख, वेळ, त्याचे जसेच्या तसे शब्द लिहून अर्ज दिला आणि पोच घेतली. मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. नोटिशीच्या अटी मोडल्यास अटक होऊ शकते, हे त्याला तिथंच ऐकवलं गेलं. त्यानंतर तो कुणाच्या वाटेला गेला नाही.

वॉचमनकाका परवा जबाब देऊन आले. बाबांचं प्लास्टर अजून निघायचंय.