ओव्हर की आऊट?

इंग्रजी मेलच्या शेवटी ‘ओव्हर अँड आऊट’ लिहिणाऱ्यांची एक जमात आहे. आमच्या ऑफिसात रजेवर निघालेला माणूस हमखास हेच लिहून लॅपटॉप मिटतो. सुटसुटीत, ऐटबाज, शिवाय जरा लष्करी थाट. वायरलेसवर आयुष्य काढलेल्या सिग्नल्सच्या, म्हणजे लष्करी संदेशवहनाच्या माणसाला मात्र ते वाचून हसू फुटेल.

त्या सेटवर एका वेळी एकालाच बोलता येतं. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर कानात नुसती खरखर. म्हणून ‘ओव्हर’: माझं झालं, आता तू बोल, मी ऐकतोय. आणि ‘आऊट’: बोलणं संपलं, उत्तर नको. दोन्ही एका दमात म्हटलं की अर्थ होतो, ‘बोल, मी ऐकत नाहीये.’ हा प्रकार घरोघरी चालतो हे खरं, पण आघाडीवर चालत नाही. सिनेमावाल्यांना दोन्ही शब्द कानाला बरे वाटले आणि त्यांनी जोडी जमवून दिली. मेलमध्ये खरं तर दोन्हींची गरज नाही. लिहायची हौसच असेल तर नुसतं ‘आऊट’ लिहावं, म्हणजे रजेत फोन येणार नाहीत.

‘रॉजर’चीही तीच गत. मोर्समध्ये निरोप मिळाल्याची खूण म्हणून आर हे एकच अक्षर पाठवत. दुसऱ्या महायुद्धात तोंडी वापरायच्या वर्णमालेत (अक्षर नीट ऐकू यावं म्हणून त्याच्या जागी एक शब्द) आरसाठी ‘रॉजर’ होतं. १९५६ साली नवी वर्णमाला आली आणि आरचा ‘रोमिओ’ झाला, पण रॉजर जागचा हलला नाही. (बरंच झालं. कर्नलसाहेबांना ‘रोमिओ’ म्हणून उत्तर देणार कोण?) त्याचा अर्थ एवढाच, की निरोप पोचला. पटला, करतो, लगेच करतो, यातलं काहीही त्यात नाही. ते सांगायला ‘विल्को’ आहे, ‘विल कंप्लाय’चं लघुरूप. सरकारी कागदावर ‘नोंद घेतली’ आणि ‘कार्यवाही करतो’ यांत जेवढं अंतर, तेवढंच इथे. साहेबांनी शुक्रवारपर्यंत अहवाल मागितला आणि तुम्ही ‘रॉजर’ लिहिलंत, तर तुम्ही कसलंच वचन दिलेलं नाही. आणि ‘रॉजर विल्को’ असं जोडीनं लिहिणं म्हणजे शाईची उधळपट्टी. आज्ञा मिळाल्याशिवाय पाळणार कशी?

सगळ्यात जपून वापरायचा शब्द ‘रिपीट’. तोफखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ, मघाच्याच लक्ष्यावर तेवढाच मारा पुन्हा करा. म्हणून ऐकू आलं नाही तर वायरलेसवर ‘से अगेन’ म्हणायचं, ‘रिपीट’ नाही. परवा एका सहकाऱ्याचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘प्लीज रिपीट.’ मी सगळी जोडपत्रं पुन्हा पाठवली, त्याच पत्त्यावर, तितकीच.