लॉरेन्झचे तीन आकडे आणि आत्याची आमसुलं

मे संपत आला की आमच्या दापोलीकडच्या घरात सगळ्यांची मान वर. यंदाही खळ्यात आमसुलं वाळत होती, पाचवं पूट झालं होतं, म्हणजे आगळात (कोकमाच्या खारट रसात) बुडवून परत उन्हात अजून एकदोनदा तरी हवंच, आणि फणसाची साठं (वाळवलेल्या पोळ्या) तर अजून चिकटच. आत्या म्हणाली, तुझ्या मोबाईलात बघून सांग रे पाऊस कधी. ॲपने ७ जून सांगितलं, दुसऱ्या दिवशी ४, मग थेट १०. "मेला थापाडा आहे," आत्याने निकाल दिला.

मी हवामान शिकलोय, त्यामुळे मला ते जरा लागलंच. म्हटलं आत्या, थापाडा नाही गं, याची गोष्ट आहे.

१९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये एडवर्ड लॉरेन्झ नावाचे हवामानशास्त्राचे प्रोफेसर होते, टेबलाएवढा कॉम्प्युटर, त्यात बारा समीकरणांचं एक खोटंखोटं हवामान चालवायचे. एकदा जुना रिझल्ट परत बघायचा होता म्हणून त्यांनी मधूनच सुरुवात केली, छापलेल्या कागदावरचे आकडे टाइप केले आणि कॉफी प्यायला गेले. तासाभराने येऊन बघतात तर दोन महिन्यांचं हवामान पार वेगळं! आधी वाटलं मशीनची व्हॅक्यूम ट्यूब गेली असणार. पण नाही, मशीनच्या पोटात होतं ०.५०६१२७ आणि कागदावर जागा वाचवायला छापलेलं फक्त ०.५०६. चार हजारात एक एवढाच फरक, पण तो साधारण दर चार दिवसांनी दुप्पट होत गेला आणि शेवटी दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. समीकरणं तीच, त्यात नशीबबिशीब काही नाही, तरी ही गत. १९६३ मध्ये हे त्यांच्या शोधनिबंधात आलं, तेव्हा फक्त तीन समीकरणं घेऊन, आणि ती सगळी आकडेमोड सांभाळणाऱ्या एलन फेटर या बाईंचे शेवटी आभार आहेत (पुढे "बटरफ्लाय इफेक्ट" म्हणून फुलपाखरूच फेमस झालं, बाई नाही).

आणि गंमत म्हणजे लॉरेन्झच्या लिखाणात आधी फुलपाखरू नव्हतंच, सीगल होता! आपल्या आंजर्ल्याला थंडीत किनारा पांढरा करतात ते कुरव. त्याच्या पंखाच्या फडफडीने हवामान बदलेल असं एक हवामानवाला म्हणाला होता. ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख फडफडवले तर टेक्सासमध्ये वादळ येईल का, हे आलं लॉरेन्झच्या १९७२ च्या भाषणाच्या नावात, तेही नाव त्यांनी दिलेलं नाही, संयोजकाने परस्पर ठेवलं. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं फुलपाखरू वादळ "आणत" नाही, त्याच फडफडीने येणारं वादळ टळूही शकतं हे त्या भाषणातच आहे.

"म्हणजे कोणालाच काही कळत नाही," आत्या.

तसंही नाही ना. आता एकच अंदाज काढत नाहीत, सुरुवातीचे आकडे थोडे थोडे हलवून मॉडेल पन्नासेक वेळा चालवतात, सगळे एका बाजूला गेले तर भरवसा, फाटाफूट झाली तर सांभाळून. निसर्ग वादळाच्या वेळी, २०२० ला, आदल्या दिवशी सांगितलेलं आठवतंय का, हरिहरेश्वर ते दमणच्या मधे, अलिबागजवळ, ३ जूनला दुपारी. एवढा लांब पट्टा म्हणून तेव्हा काका हसले होते, पण आलं ते त्या पट्ट्यातच, आणि आपली सुपारीची बाग आडवी झाली. मात्र पंधरा दिवसांनंतर कुठल्या तारखेला पाऊस, हे सांगणारं ॲप सरासरीवर रंग चढवतं, दुसरं काही नाही.

मग हवामान खातं एप्रिलमध्येच अख्ख्या मान्सूनचं कसं सांगतं, हा तिचा प्रश्न बरोबर होता. याचं उत्तर अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ चार्नी आणि आपल्या उत्तर प्रदेशातल्या बलियाचे जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये दिलं, की रोजचा पाऊस केऑसच्या (लॉरेन्झना दिसलेल्या त्या गोंधळाच्या) हातात असला तरी आपल्या उष्ण कटिबंधात हंगामाची सरासरी बरीचशी समुद्राच्या तापमानावर चालते, आणि समुद्र सावकाश बदलतो. तरी १९९७ ला एल निनो (पॅसिफिक समुद्र तापतो आणि आपला पाऊस बहुधा कमी होतो तो) जोरदार असूनही देशात पाऊस नॉर्मल झालाच. म्हणून तेही शंभर टक्के नाही.

आत्या ऐकत ऐकत आमसुलं उलटत होती. म्हणाली, "मग तीन दिवसांचं तरी खरं ना?" म्हटलं हो, पण रोज सकाळी परत विचार. "विचारते," म्हणाली, आणि तरीही साठं उचलून चुलीवरच्या माळ्यावर नेऊन ठेवली, कारण बरणीतलं मीठ सकाळपासून ओलं लागत होतं.