डच ‘फरहौझन’: बिऱ्हाड हलवण्याचं क्रियापद मी कसं पक्कं केलं

नेदरलँड्समध्ये भाड्यानं राहणाऱ्याला ‘फरहौझन’ हे क्रियापद फार लवकर लागतं. अर्थ, घर बदलणं. ‘हौस’ म्हणजे घर. इंग्रजी नि जर्मन ‘हाउस’ त्याचेच भाऊबंद. त्याला बदल दाखवणारा ‘फर’ हा उपसर्ग लागला. ‘टाल’ म्हणजे भाषा, त्यावरून ‘फरटालन’ म्हणजे भाषांतर करणं, तसंच हे. आघात ‘हौ’वर. इथला ‘औ’ ही माझी तडजोड आहे. तो स्वर मराठीत नाही. ओठ गोल ठेवून ‘आय’ म्हटलं की जवळपास जमतो.

वर्तमानकाळ सरळ आहे: इक (मी) फरहौस, येइ (तू) फरहौस्त, हेइ (तो) फरहौस्त, वेइ (आम्ही) फरहौझन. प्रश्नात ‘तू’ क्रियापदामागे गेला की शेवटचा टी गळतो: ‘वनेर फरहौस य?’ (तू कधी घर बदलतोस?) आदरार्थी ‘ऊ’ (तुम्ही) असेल तर मात्र टी टिकतो.

खरी गडबड भूतकाळात. प्रत्यय ‘त’ की ‘द’, हे धातूच्या शेवटच्या व्यंजनावर ठरतं. त, क, फ, स, ख, प यांपुढे ‘त’, इतरांपुढे ‘द’. ही व्यंजनं लक्षात ठेवायला डच मुलं ‘अत कोफस्खिप’ म्हणतात. कोफस्खिप हे जुनं मालवाहू गलबत. आपल्याला शाळेतली कठोर-मृदू व्यंजनं आठवली तरी पुरे. फसगत होते ती ‘इक फरहौस’मधला ‘स’ बघून. डच शब्दाच्या शेवटी झेड सहसा टिकत नाही, म्हणून तिथे एस लिहितात. मूळ रूपातून ‘अन’ काढा: उरतो ‘फरहौझ’, शेवट ‘झ’, म्हणून लिहिताना एसपुढे डीच. उच्चार ‘फरहौझ्द’.

भूतकाळवाचक धातुसाधितात (‘बदललंय’सारख्या रूपात) नेहमीचा ‘ख’ हा उपसर्ग लागत नाही, कारण ‘फर’ आधीच बसलाय. शेवटी डी लिहायचा, ऐकू येतो ‘त’. म्हणजे ‘हेइ फरहौस्त’ (तो घर बदलतो) आणि ‘हेइ इस फरहौस्त’ (त्यानं घर बदललंय) कानाला एकच शेवट देतात. पहिल्यात टी, दुसऱ्यात डी. मी मनात ‘फरहौझ्द’ म्हणून पाहते: ‘द’ ऐकू आला की धातुसाधितात डी.

सहायक क्रियापद ‘झेइन’ (असणं; ‘इस’, ‘बेन’ ही त्याचीच रूपं): ‘इक बेन नार आम्स्टेलवेन फरहौस्त’, म्हणजे मी आम्स्टेलवेन या गावी राहायला गेलेय. नगरपालिकेला पत्ता कळवताना (हलण्याआधी ४ आठवड्यांपासून ते हलल्यावर ५ दिवसांपर्यंत) हेच वाक्य कामी येतं. कुणी दुसऱ्याचं सामान हलवलं, तर मात्र ‘हेबन’ (जवळ असणं): हमालांनी पियानो हलवला, तर ‘झे हेबन दे पियानो फरहौस्त’.